आईच्या माहेरची भिंत आणि लगद्याच्या तेराशे विटा

आमच्या विश्रामबागच्या फ्लॅटच्या बाल्कनीत तुळशीच्या कुंडीखाली एक जुनी वीट आहे. ती आईच्या माहेरची. सांगलीच्या गावभागातलं ते घर २०१९ च्या पुरात सहा फूट पाण्यात उभं होतं, आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती तेव्हा. मग २०२१ ला परत पाणी आलं, पुढच्या भिंतीनं पोट काढलं, आणि शेवटी मामांनी घर उतरवून घेतलं. त्या दिवशी आई भाजीच्या पिशवीत घालून ही एक वीट घेऊन आली, धुतली, आणि तुळशीखाली ठेवली. त्यावर ती कधी काही बोलली नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

२०२४ च्या दिवाळीत माझा भाचा खाली पार्किंगमध्ये किल्ला करत होता, माती, गोणपाट, अळीव पेरलेलं, सगळं रीतसर. आई खुर्ची टाकून बघत बसली होती. सहज म्हणाली, "किल्ले सगळेच करतात गं, माझं घर करा की कुणीतरी." तिला पुढच्या मार्चमध्ये पंचाहत्तर पूर्ण होणार होती. ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच, आणि तिच्या माहेरच्या घराची छोटी प्रतिकृती करायची ठरवली.

मी याआधी बाहुलीघर वगैरे कधी केलेलं नाही. ऑफिस, घर, स्वयंपाक यातून वेळ काढून केलंय, आणि नोव्हेंबर ते मार्च असे पाच महिने लागलेत. कुणाला असं काही करायचं असेल तर माझे फुकट गेलेले तीन आठवडे तरी वाचावेत म्हणून तारखांसकट लिहितेय.

पहिलं ठरवलं ते माप. डॉलहाऊसवाले बहुतेक एकास बारा घेतात, म्हणजे खऱ्या घराचा एक फूट म्हणजे आपल्याकडे एक इंच. हिशोबाला फार सोपं पडतं. अख्खं घर झेपणार नव्हतं म्हणून फक्त दर्शनी भिंत आणि तिच्यामागे चार इंचाची खोली, एवढंच करायचं ठरलं. पण भिंत किती रुंद होती, किती उंच होती हे कुणालाच सांगता येईना. मामा म्हणाले पंचवीस फूट, आई म्हणाली वीस.

म्हणून ७ नोव्हेंबरला मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, काढली. हे आता घरबसल्या होतं, सिटी सर्व्हे नंबर टाकायचा, मोबाइलवर ओटीपी येतो, फी ऑनलाइन भरायची आणि सहीची पीडीएफ मिळते. पण पत्रिकेवर नावं आणि क्षेत्रफळ असतं, भिंतीची लांबी नसते. लांबीसाठी नकाशाची नक्कल लागते आणि त्यासाठी भूमापन कार्यालयात जावं लागलं. ११ तारखेला अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, आधारची झेरॉक्स, पत्रिकेची झेरॉक्स असं घेऊन गेले. अर्जात शीट नंबर लिहिला नव्हता म्हणून तो भरून परत १३ ला दिला. विधानसभेचं मतदान २० ला होतं, स्टाफ इलेक्शन ड्युटीवर, त्यामुळे नक्कल हातात आली २८ नोव्हेंबरला. स्टँप, फी, झेरॉक्स, रिक्षा सगळं धरून दोनशेच्या आत खर्च झाला. तुम्ही जाणार असाल तर पत्रिका आधी काढा आणि तिच्यावरचे सगळे नंबर जसेच्या तसे अर्जात उतरवा, एक फेरी वाचते.

नकाशावर रस्त्याकडची बाजू ६.७ मीटर निघाली. म्हणजे बावीस फूट. दोघंही थोडे थोडे बरोबर होते. आई तो कागद बराच वेळ हातात धरून बसली होती, त्यावर घर म्हणजे नुसता एक चौकोन, तरी.

उंची मात्र कुठल्याच कागदावर नव्हती. ती मिळाली मामांच्या लग्नातल्या एका फोटोतून. वरात दारात उभी आहे आणि मागे भिंत स्वच्छ दिसतेय. फोटोवर पट्टी ठेवून मोजायला गेलं तर वरचा भाग लांब गेल्यामुळे लहान दिसतो, माप चुकतं. मग मला सुचलं की विटांचे थर मोजावेत, थर काही तिरक्या फोटोत कमी होत नाहीत. मोबाइलवर फोटो मोठा करून जोत्यापासून वाशांपर्यंत मोजले, तीनदा मोजले, बावन्न थर. तुळशीखालची वीट मोजली तर नऊ इंच लांब, साडेचार रुंद, तीन जाड. जुन्या चुन्याचा सांधा अर्धा इंच धरला तर एक थर साडेतीन इंचाचा, गुणिले बावन्न, भागिले बारा, म्हणजे पंधरा फूट दोन इंच. कुणाकडे पाडलेल्या घराचा फोटो असेल आणि एक वीट असेल तर उंची अशी काढता येते. हे मला फार मोठं वाटलं त्या रात्री, झोपच आली नाही.

आता छोटी वीट. नऊ इंचाची पाऊण इंच, म्हणजे १९ मिलिमीटर. तीन इंचाची जाडी पाव इंच, सव्वासहा मिलिमीटरच्या जरा वर. साडेचार इंचाची रुंदी भिंतीत आत जाते, ती दिसतच नाही, म्हणून तिथे ३ मिलिमीटर पुरे, टाइलसारखी चिकटवायची. सांधा एक मिलिमीटर. दारं खिडक्या वजा करून साधारण साडेदहाशे विटा लागणार होत्या, मोडतोड धरून तेराशे करायच्या ठरवल्या.

छापील विटांचा कागद मिळतो, थर्माकोलवर रेघा मारूनही लोक करतात आणि लांबून छान दिसतं. पण आईने हात फिरवल्यावर तिला वीट लागायला हवी होती, म्हणून एकेक वीट वेगळी हवी. आणि कागदाचा लगदा का, तर तो आमच्या घरातला आहे. माझी आजी रद्दी भिजवून, मेथ्या घालून, उखळात कुटून घमेल्यावर थापून टोपल्या करायची, धान्य निवडायला, पापड ठेवायला. त्यातली एक अजून आईकडे आहे. मेथीनं चिकटपणा येतो आणि कीड लागत नाही असं आजी सांगायची.

पहिला घाणा २४ नोव्हेंबर, रविवार. नकाशाची वाट बघत रिकामं बसवत नव्हतं. वर्तमानपत्र दोन दिवस भिजवलं, जुन्या मिक्सरला फिरवलं (हे भांडं परत स्वयंपाकाला वापरायचं नाही, शाई असते), पिळून त्यात फेव्हिकॉल आणि मेथीपूड. लाटलं, कापलं, वाळवलं. वाळल्यावर १९ ची वीट साडेसोळा झाली होती आणि कडांना केस फुटल्यासारखे धागे. रंग राखाडी. सगळी टाकून दिली.

दुसरा १ डिसेंबर. यावेळी वर्तमानपत्राऐवजी अंड्याचे ट्रे घेतले, किराणावाल्यानं फुकट दिले. त्यांचा धागा आखूड असतो त्यामुळे लगदा बारीक आणि एकसारखा होतो. खडूची पावडर घातली, रंगाच्या दुकानात व्हायटिंग म्हणून मिळते, किलोला चाळीस रुपये. पीठ मस्त झालं, विटा सुबक कापल्या आणि लवकर वाळाव्यात म्हणून गच्चीवर कडक उन्हात ठेवल्या. संध्याकाळी जाऊन बघते तर सगळ्या विटा होडीसारख्या वाकलेल्या. वरची बाजू आधी वाळून आखडली आणि खालची ओलीच राहिली. तीनशे विटांपैकी सरळ अशा तीस-पस्तीस. त्या संध्याकाळी मला खरंच रडू आलं, कारण चूक कुठे झाली तेच कळत नव्हतं तेव्हा.

मग ८ डिसेंबरला मी नदीकाठच्या एका वीटभट्टीवर गेले. दिवाळीनंतर भट्ट्यांचा हंगाम सुरू होतो तो पावसापर्यंत चालतो, त्यामुळे काम जोरात चालू होतं. मुकादमांना विचारलं, बघत बसू का, ते म्हणाले बसा. दोन तास बसले. पोयट्याची माती, त्यात राख मिसळून चिखल तुडवलेला, साच्यात आधी बारीक वाळू भुरभुरवायची मग चिखलाचा गोळा जोरात आपटायचा, वरचा जादाचा हातानं काढायचा आणि साचा उपडा करून वीट जमिनीवर सोडायची. एक बाई आणि तिचा नवरा, बोलायची गरज नसल्यासारखे काम करत होते.

मी पिशवीतून माझी वाकडी वीट काढून तिथल्या एका काकांना दाखवली. त्यांनी ती तळहातावर घेतली, उलटीपालटी करून बघितली. म्हणाले, "ताई, राख किती घातली?" म्हटलं राख नाही घातली, खडू घातलाय. "वाढवा. नुसती माती आखडती, राख घातली की कमी आखडती. आन् एका अंगावर नाय वाळवायची. काल पाडलेली वीट आज उभी करायची, परवा रचायची, फटी ठिवून. दोन्हीकडनं वारं लागलं पायजे." मग त्यांनी रचलेल्या कच्च्या विटांच्या ओळी दाखवल्या, प्रत्येक विटेच्या मध्ये बोट जाईल एवढी फट. पाऊण इंचाच्या विटेकडे ते इतक्या गंभीरपणे बघत होते की मला फार बरं वाटलं. निघताना चाळलेली राख कागदात बांधून दिली, पैसे घेतले नाहीत.

तिसरा घाणा १५ डिसेंबर, आणि हा जमला. प्रमाण लिहून ठेवते, वजनकाट्यावर मोजलेलं. घट्ट पिळलेला ट्रेचा लगदा १५० ग्रॅम, फेव्हिकॉल ७५ ग्रॅम, खडूची पावडर १२५ ग्रॅम, मैद्याच्या चाळणीनं चाळलेली राख एक मूठ, मेथीपूड एक चमचा, लवंगतेलाचे चार थेंब बुरशी येऊ नये म्हणून, आणि रंगाला काव, म्हणजे गेरू. पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट हवं, बोटाला चिकटत असेल तर अजून थोडी पावडर घालायची. खडू आणि राख मिसळताना तोंडाला फडकं बांधा, पंखा बंद ठेवा. एका घाण्यात साडेतीनशे-चारशे विटा होतात.

लाटायची पद्धत अशी. दुधाच्या पिशव्या कापून धुवून पसरायच्या, एक खाली एक वर, मध्ये गोळा, आणि दोन्ही बाजूंना ३ मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या. लाटणं पट्ट्यांवर टेकलं की जाडी आपोआप सगळीकडे सारखी येते. वरून अगदी हलकी रांगोळी भुरभुरवून एकदा लाटणं फिरवायचं, विटेचा खरखरीतपणा येतो. मग चार-पाच तास तसंच ठेवायचं. ही वाट बघणं महत्त्वाचं आहे, ओलं असताना कापलं तर धागे ओढले जातात. कापायला कटर नको, पुट्टी भरायची रुंद पत्री घ्या आणि वरून सरळ खाली दाबा, ओढायची नाही. शंकरपाळ्या पाडतो तसं, आधी उभ्या रेघा मग आडव्या. आखडणं धरून मी २०.५ गुणिले ६.९ चे तुकडे पाडले, वाळून ते १९ गुणिले ६.४ झाले. तुमचा लगदा वेगळा आखडेल, म्हणून आधी दहाच विटा करून, वाळवून, मोजून मगच सगळं लाटा.

वाळवण्यासाठी सुताराकडून दोन चौकटी करून घेतल्या, मच्छरजाळी ठोकून, दोन्ही मिळून १८० रुपये. खाली एक जाळी, त्यावर विटा, वर दुसरी जाळी आणि चार कोपऱ्यांवर वजनं, आणि सगळं चार वाट्यांवर उचलून सावलीत ठेवायचं. दोन्हीकडनं वारं. पहिल्या दिवशी दोनदा चौकटी उलट्या करायच्या. थंडीत तीन दिवस लागले. एकही वीट वाकली नाही असं नाही, पण शंभरात चार-पाच, तेवढं चालतं.

चौथ्यात एक चूक झाली ती सांगायला हवी. उरलेला लगदा मी डब्यात घालून आठ दिवस तसाच ठेवला, मध्ये ढगाळ हवा होती, उघडला तर वास आणि काळे ठिपके. लवंगतेलानं एवढं थांबत नाही. ओला लगदा फ्रीजरमध्ये ठेवला तर टिकतो, फक्त पिशवीवर मोठ्या अक्षरात लिहा, घरात दुसरं कुणी खिमा समजून काढेल.

रंगाबद्दल थोडं जास्त लिहिते कारण बाकी सगळं जमूनही इथे भिंत खोटी दिसू शकते. वरून रंग दिलेली वीट कड उडाली की आतून पांढरी दिसते, म्हणून रंग पिठातच घालायचा. काव पूजेच्या दुकानात मिळते, वीस रुपयांची पुडी. भाची म्हणाली सांगलीत राहून हळद घाल की, पण हळद उन्हात उडते हे आईनं तिला सांगितलं, शिवाय चुना लागला की लाल होते, कुंकू तसंच तर करतात. पिवळेपणासाठी पिवडी घेतली. मी तीन रंगांचे घाणे केले, एक नुसत्या कावेचा, एक काव आणि पिवडीचा, सांगलीकडच्या विटा जरा नारिंगी असतात तसा, आणि एकात चिमूटभर काळा ऑक्साइड, भट्टीत जास्त भाजलेल्या विटेसारखा. प्रमाण साधारण पाच, तीन, एक. तिन्ही डबे एका परातीत ओतून मिसळले आणि चिकटवताना न बघता हाताला येईल ती वीट घेतली. मी पहिल्यांदा बघून बघून लावत होते तेव्हा नकळत बुद्धिबळाच्या पटासारखं होत होतं.

चिकटवण्याआधी विटा एका स्टीलच्या डब्यात घातल्या, आतून सँडपेपरचे तुकडे लावलेले, आणि दोन मिनिटं हलवलं. कोपरे झिजून जुन्या होतात. आवाज फार होतो, दुपारी करा.

मागची भिंत ६ मिलिमीटरच्या एमडीएफची, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोर्डची. उरलेला तुकडा आणि कापणावळ मिळून साडेतीनशे रुपये, सुतारानं दार आणि पाच खिडक्यांची भोकं पाडून दिली. चिकटवायला ५ जानेवारीला सुरुवात केली आणि आठ थर झाल्यावर बोर्ड धनुष्यासारखा वळला, कारण ओला गोंद एकाच बाजूला. इथेही तोच न्याय, दोन्ही अंगं सारखी हवीत. मागच्या बाजूला तेवढाच फेव्हिकॉल पाण्यात कालवून फासला, वर डाळीचे डबे ठेवले, दोन दिवसांनी बोर्ड सरळ झाला. तुम्ही सुरुवातीलाच दोन्ही बाजूंना प्रायमर मारून वाळवून घ्या.

बोर्डवर ७.४ मिलिमीटरच्या अंतरानं बावन्न रेघा मारल्या. रेघेशिवाय लावायला जाऊ नका, दर थराला अर्धा मिलिमीटर चुकलं तरी वर पोचेपर्यंत अख्खे तीन-चार थर इकडे तिकडे होतात. सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही म्हणून एक थर अख्ख्या विटेनं आणि दुसरा अर्ध्या विटेनं सुरू. मध्ये एक मिलिमीटरचा पुठ्ठ्याचा तुकडा धरून अंतर ठेवायचं आणि लगेच काढून घ्यायचा. खिडक्यांवर डाट, म्हणजे विटांच्या कमानी आहेत, तिथे विटा उभ्या आणि खालून किंचित निमुळत्या, त्या ब्लेडनं एकेक तासल्या, एका खिडकीला तेरा. खिडकीच्या आतल्या कडेलाही विटा लावाव्या लागतात, नाहीतर भिंत पातळ आहे हे लगेच दिसतं, हे मला उशिरा कळलं.

एक थर लावायला वीस ते पंचवीस मिनिटं. रोज रात्री जेवणं झाल्यावर दोन थर, कधी एक, कधी काहीच नाही. संक्रांतीच्या आठवड्यात काहीच नाही. आई समोर बसून निवडत असायची आणि मध्येच बोलायची, या खिडकीत तिचे वडील दाढी करायचे, आरसा टेकवून. इथे तारेवर चिमण्या बसायच्या. हे मी कधी ऐकलेलं नव्हतं. कधी कधी मी मुद्दाम हळू लावायचे. बावन्नावा थर १६ फेब्रुवारीला लागला.

मान आणि डोळे यांची काळजी घ्या. मी बोर्ड पाटावर ठेवून वाकून करत होते, आठवड्यात मान धरली. मग डायनिंग टेबलवर दोन जाड पुस्तकं ठेवून बोर्ड तिरका केला.

दर्जा, म्हणजे विटांमधले सांधे, भरण्याचं मला सगळ्यात जास्त टेन्शन होतं, कारण लगद्याच्या विटांना पाणी चालत नाही. सहा सेंटिमीटरचा एक तुकडा आधी करून बघितला आणि बरं झालं बघितला, विटा फुगल्या. म्हणून आधी अख्ख्या भिंतीवर एकास दोन पाण्यात केलेल्या फेव्हिकॉलचे दोन हात दिले, मध्ये एक रात्र. मग वॉल पुट्टी, चहाच्या गाळणीनं गाळलेली बारीक वाळू, थोडा फेव्हिकॉल आणि चिमूटभर पिवडी, कारण जुना चुना पांढरा शुभ्र कधीच नसतो. बोटानं सांध्यात दाबायचं, तळहाताएवढाच भाग एका वेळी, आणि घट्ट पिळलेल्या स्पंजनं तिरकं पुसायचं. आडवं पुसलं तर सांध्यातलं बाहेर निघतं. दोन रविवार गेले यात, २३ फेब्रुवारी आणि २ मार्च.

वाळल्यावर खालच्या भागात विटांवर पांढुरकी झाक राहिली होती, तिथे मी कमी पुसलं होतं. मी ओला कापूस घेऊन ती काढायला बसले तर आईनं हात धरला. "राहू दे. लोणा असाच लागलेला होता." पूर ओसरल्यावर भिंतीतून क्षार बाहेर येतात, त्या घराला तसा लोणा खालून वर चढलेला होता. मग आम्ही २०१९ चा, पाणी उतरल्यावरचा फोटो काढला आणि पाण्याची रेघ कुठे होती ते थर मोजून बघितलं. एकविसावा थर. मामा फोनवर म्हणाले विसावा. आईनं फोटोत नख लावून परत मोजलं आणि एकविसाव्यावर थांबली. त्याच्या वरची झाक पुसली, खालची ठेवली, आणि एकविसाव्या थरावर पातळ चहाच्या पाण्यानं ब्रशची एक रेघ ओढली. ती रेघ आईनं ओढली. हात थरथरला नाही तिचा.

एकूण खर्च कुणी विचारेल म्हणून. फेव्हिकॉल एक किलो तीनशे दहा, खडू चाळीस, काव, पिवडी आणि ऑक्साइड मिळून नव्वद, चौकटी १८०, एमडीएफ ३५०, प्रायमर आणि पुट्टी २२०, ॲल्युमिनियमच्या पट्ट्या साठ, लवंगतेल ऐंशी. तेराशे तीसच्या आसपास, कागदपत्रांचे दोनशे वेगळे. दार आणि खिडक्या आइस्क्रीमच्या काड्यांच्या केल्या, त्याबद्दल परत कधीतरी.

३० मार्चला पाडवा होता. सकाळी आमची गुढी उभी केल्यावर भाच्यानं एक अगरबत्तीची काडी, कापडाची चिंधी आणि भरतकामाचा एक मोठा मणी घेऊन छोट्या घराच्या वरच्या खिडकीत गुढी लावली. मामा-मामी जेवायला आले होते. मामांनी चष्मा काढून, परत घालून, सगळ्या भिंतीवरून बोट फिरवलं आणि दाराच्या डाव्या बाजूला थांबले, तिथे सायकल टेकवून टेकवून एक वीट खरवडलेली होती म्हणे. ती मी मामांनाच ब्लेड देऊन खरवडायला लावली.

आई मात्र दाराशी बघत होती. म्हणाली, "पायऱ्या दोन का केल्यास? तीन होत्या. खालची अर्धी रस्त्यात गेलेली, डांबर चढवून चढवून." फोटोत तिथे वरातीतली माणसं उभी आहेत आणि नकाशात पायऱ्या नाहीत, त्यामुळे मला कळायला मार्गच नव्हता. मामांनाही आठवलं मग, तिसरी पायरी होती, एका कोपऱ्यात फुटलेली.

ट्रेचा अर्धा तुकडा शिल्लक होता, तो रात्रीच भिजत घातलाय. पायरी दगडाची आहे, तेव्हा यावेळी काव घालायची नाही, नुसती राख आणि थोडा काळा ऑक्साइड.